हलव्याच्या दागिन्यांना घाम फुटतो, काय चुकतंय?

आबोली_रत्नागिरी · २ डिसेंबर

माझं माहेर नाशिकचं, सासर रत्नागिरीचं. नाशिकला आजी हलव्याचे दागिने करायची ते रथसप्तमीपर्यंत काचेच्या कपाटात खडखडीत राहायचे. गेल्या वर्षी मी इथे शेजारच्या बाळाच्या बोरन्हाणासाठी मुकुट, बाजूबंद आणि बासरी केली. रात्री सगळं झकास होतं. मुंग्या नकोत म्हणून डबा फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी बाहेर काढून ताटात मांडलं आणि तासाभरात मुकुटाला घाम फुटला. दुपारपर्यंत बाळाच्या कपाळावर पाक, आणि त्यात चिकटलेलं जावळ. त्याची आई "असू दे गं" म्हणाली, पण फोटोत दिसतंय ना ते!

यंदा धाकट्या जावेची पहिली संक्रांत आहे. चंद्रकळा आणून झाली. तन्मणी, चिंचपेटी, नथ, बाजूबंद, कमरपट्टा, मंगळसूत्र एवढं तिला, आणि दिरांना हार आणि नारळ. सासूबाई म्हणतात, "पुण्याहून तयार सेट मागव, कशाला हात पोळून घेतेस?" मला तेच करायचं नाहीये.

माझी पद्धत सांगते. साबुदाणा कोरडा भाजून परातीत घेतला, खाली मंद आच. एकतारी पाक केला, पांढराशुभ्र व्हावा म्हणून त्यात अर्धं लिंबू पिळलं. चमचा-चमचा पाक सोडत बोटांनी फिरवत राहिले, रोज दोन तास, असे चार दिवस. काटा आला, पण बोथट. मग पुठ्ठ्यावर सोनेरी कागद लावून, फेव्हिकॉल फासून दाणे चिकटवले. हा समुद्राच्या हवेचा दोष की माझ्या हाताचा?

दोरेवाला · २ डिसेंबर

ताई, लिंबू! बाकीचं नंतर बोलू, आधी ते लिंबू काढा.

गुलाबजामच्या पाकात आपण लिंबू का पिळतो? साखर परत जमू नये म्हणून. आंबटामुळे साखर फुटते आणि तिचे ग्लुकोज, फ्रुक्टोज होतात. त्यातलं फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं. हलव्यात तर आपल्याला साखर जमायलाच हवी असते, काटा म्हणजे जमलेली साखरच. तुम्ही काटा मोडायचं औषध घालून काटा आणायला बसलात. पाक पांढरा हवा असेल तर उकळताना चमचाभर दूध घाला, मळी वर येईल ती काढून टाका आणि फडक्यातून गाळून घ्या. आणि पंखा बंद ठेवून, सकाळी ऊन वर आल्यावर बसा. संध्याकाळी खारा वारा सुटला की परात झाकून उठायचं.

दुसरं, फ्रिज. गार डबा दमट हवेत उघडलात की दाण्यांवर दंव बसणारच. पाण्याच्या गार बाटलीला बाहेरून जे होतं तेच.

तिसरं, फेव्हिकॉल. त्यात पाणी असतं. तुम्ही साखरेच्या बुडाखाली पाणी फासलंत आणि वर पुठ्ठा, म्हणजे ते सुकायला जागाच नाही.

माझी आई ऑर्डरी घ्यायची आणि शाळेतून आलो की दोरा धरायचं काम माझ्याकडे. (आयडीचं नाव त्यावरूनच.) ती दागिने बांधायची, कधी चिकटवायची नाही. पांढरा सुती दोरा दुहेरी घ्यायचा, त्यावरून मेणाचा तुकडा ओढायचा, एक टोक खिडकीच्या गजाला. दाणा दोन दोऱ्यांच्या मध्ये धरायचा आणि त्याच्या कमरेत गाठ आवळायची. काट्यांमुळे दोरा घसरत नाही. बोथट दाणे मात्र निसटतात, म्हणून आई दाणे आधी निवडून घ्यायची. मग लगेच पुढचा दाणा, पहिल्याला खेटून. अशा सरी झाल्या की चार सरी एकाखाली एक शिवल्या की चिंचपेटी. नथीला पातळ पितळी तार वाकवून त्याभोवती दाणे बांधायचे. नथीसाठी तिळाचा हलवा घ्या, तो लांबट असतो. खसखशीचा तन्मण्याच्या सरींना आणि साबुदाण्याचा कमरपट्ट्याला. आई घाईत असली की गाठ सुटायची आणि ओरडा मला बसायचा, ते वेगळं.

मनी_म्याऊ · ३ डिसेंबर

दादांची पद्धत सुंदर आहे, पण ताईंच्या हातात चाळीस दिवस आहेत आणि घरात स्वयंपाकही आहे! मी दरवर्षी आठ-दहा सेट करते आणि सगळे चिकटवते. फक्त हलवा विकतचा, चांगल्या काट्याचा. पुठ्ठ्यावर गोंद पातळ लावून जरा ओढू द्यायचा, अगदी चिकट झाला की मग दाणे. वरून ओतायचे नाहीत, चिमट्याने एकेक. रात्रभर उघड्यावर नाही, पण टेबललॅम्पखाली. मागे सॅटीनची रिबीन लावा म्हणजे मानेचा घाम पुठ्ठ्याला लागत नाही. आणि ऑर्डर देताना बजावते, हे खायचं नाही. लहान मुलं दागिना थेट तोंडात घालतात. बोरन्हाणाला तर मी तार आणि सुटे मणी वापरतच नाही.

माई_टोरांटो · ३ डिसेंबर

इथे उणे दहात घरात हीटर चालू असतो, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. पण काटा! साबुदाण्याला सुया फुटल्यासारखा. गेल्या वर्षी भारतात नेलेला तन्मणी मुंबई विमानतळाबाहेर टॅक्सीत मऊ पडायला लागला. म्हणजे करताना नाही, ठेवताना सांभाळायचं. घट्ट झाकणाचा डबा, आत नव्या चपलांच्या खोक्यात असतात ती सिलिका जेलची पाकिटं, दागिन्याला न चिकटता. दागिने घालायच्या फक्त अर्धा तास आधी डबा उघडा, त्याआधी पाहुण्यांनाही दाखवू नका. मला माहीत आहे, राहवत नाही.

आबोली_रत्नागिरी · १६ जानेवारी

झालं एकदाचं.

लिंबाशिवाय, दूध घालून पाक केला. पहिल्या दिवशी पाक जास्त आटला आणि परातीत नुसती पिठी पडली, वाटीभर साबुदाणा वाया. दुसऱ्यांदा जमलं. सहा दिवस लागले, उजव्या हाताची दोन बोटं भाजली, पण काटा असा की गाठ मारताना टोचतो. नाशिकच्या आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवला, ती म्हणाली, "आच थोडी अजून कमी हवी होती." म्हणजे आवडला.

बांधून फक्त तन्मणी, नथ आणि चिंचपेटी झाली. एकट्या चिंचपेटीलाच दोन दुपारी गेल्या. दोरा धरायला नवऱ्याला बसवलं तर तो मोबाइल बघत ढिला सोडायचा. कमरपट्टा, बाजूबंद आणि दिरांचा हार मग मनी_म्याऊ ताईंच्या पद्धतीने, विकतच्या हलव्यावर. दोन्ही शेजारी ठेवले तर फरक दिसतो, पण काळ्या साडीवर लांबून कुणाला कळत नाही. सासूबाईंना कळला. त्यांनी काही न बोलता चिंचपेटी उचलून उजेडात धरली आणि मागून गाठी बघितल्या.

हळदीकुंकू चार ते आठ चाललं. खिडक्या बंद ठेवल्या होत्या, बायका उकाड्याने वैतागल्या. घाम फक्त कमरपट्ट्याला, तोही पाठीमागे. पुतण्याने नारळाची शेंडी खाल्ली.

दोरेवाला दादा, मंगळसूत्राच्या वाट्या कशा बांधायच्या ते विचारायचं राहूनच गेलं. मी खऱ्या काळ्या मण्यांत दोन बत्तासे लावले.