लो-कार्बमध्ये कॉर्नफ्लेक्स-ओट्स बसतात का? माझं म्हणणं: बसतात, पण वाडगं भरून नाही

मोजूनमापून (जळगाव)

मेहरूण तलावावर फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत सध्या दोन तट पडलेत. एक म्हणतो, शुगर बॉर्डरवर आली की पोहे-कचोरी सोडायची आणि कॉर्नफ्लेक्स-दूध सुरू करायचं. डब्यावर सडपातळ बाईचं चित्र आहे ना, मग हलकंच असणार. दुसरा म्हणतो, सिरीयल म्हणजे विष, घरात आणूच नका. मला दोन्ही पटत नाही.

आधी हिशोब बघा. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कार्ब्स (कर्बोदकं, म्हणजे पिष्ट-साखर) म्हणजे लो-कार्ब, असं ढोबळ धरतात. किटोवाले २० ते ५० वर उतरतात, त्यांचं सोडून देऊ. मी शंभराच्या आसपास राहतो, त्यातले सकाळच्या वाट्याला २०-२५. साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये १०० ग्रॅमला साधारण ८४ ग्रॅम कार्ब्स असतात, म्हणजे डब्यावर सांगितलेल्या ३० ग्रॅमला २५. सकाळचा कोटा तिथेच संपला. त्यावर पेलाभर दूध, त्यातली दुधाचीच साखर १० ग्रॅम. वर केळं कापलं (जळगावात राहून कोण कापणार नाही?) की आणखी २३-२५. झाले साठ. आणि ३० ग्रॅम म्हणजे किती ते एकदा काट्यावर टाकून बघा. आपण हाताने ओततो ते ५०-६० सहज भरतं.

आता माझी मांडणी उलटी आहे. वाडग्यात घरचं दही, दीडशे ग्रॅम. त्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट २० ग्रॅम आणि चमचाभर जवस. कॉर्नफ्लेक्स वरून, १०-१२ ग्रॅम, कुरकुरीतपणापुरते. सगळे मिळून कार्ब्स २० च्या आसपास, प्रोटीन १०-१२ ग्रॅम. सिरीयल हे जेवण नाही, ती वरची शेव आहे. मिसळीवर शेव किती टाकायची हे जसं आपल्याला कळतं, तसं हेही कळायला पाहिजे. कोणाला काय वाटतं?

कळणा-ठेचा (अमळनेर)

खोकामधलं कागदसारखं खाईसन पोट भरस का भो?

शंभर ग्रॅम, बारा ग्रॅम, काटा, चमचा. एवढा उपद्व्याप कशासाठी? आमच्याकडे सकाळी कळण्याची भाकरी, ठेचा, वर तेल, सोबत कांदा. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेलं पीठ. दुपारपर्यंत भूक लागत नाही. माझे आजोबा ऐंशी पार करून गेले, त्यांना कार्ब्स हा शब्दही माहीत नव्हता. ज्या वस्तूला खाण्यालायक करायला दही, दाणे, जवस लागतं, ती वस्तू काढूनच टाका ना. दही-दाणे-जवस राहू द्या.

मोजूनमापून

शेवटचं वाक्य पटलं, त्यावर नंतर येतो. आधी भाकरी. तुमची एक भाकरी किती पिठाची? आमच्या घरी ६०-७० ग्रॅमची होते. ज्वारीच्या पिठात १०० ला ७० च्या आसपास कार्ब्स, म्हणजे एका भाकरीत ४० ते ४५. तुम्ही एकीवर थांबता का? माझ्या ३० ग्रॅम कॉर्नफ्लेक्सपेक्षा तुमची एक भाकरीच कार्ब्समध्ये भारी आहे. उडीद घातल्याने प्रोटीन नक्की वाढतं. फायबरही वाढतं. पण चार भागात एक भाग उडीद घातला तरी एकूण कार्ब्स दोन-तीन ग्रॅमच उतरतात. आणि आजोबा भाकरी खाऊन वखर हाकत होते. मी खुर्चीत बसून जीएसटीची रिटर्नं भरतो.

कळणा-ठेचा

म्हणजे आता भाकरीपण वाईट. झालं.

धुळ्याची आहारवाली

भाकरी वाईट नाही, पण लो-कार्बही नाही. हे दोन्ही एकत्र खरं असू शकतं. आयसीएमआर-इंडियाबच्या, डायबेटिसवर देशभर केलेल्या पाहणीचा आहारावरचा भाग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे सरासरी ६२ टक्के ऊर्जा कार्ब्समधून येते, असं त्यात दिसलं. पुढचा मुद्दा या वादासाठी जास्त कामाचा आहे: पांढरा तांदूळ-मैदा काढून त्याजागी तेवढीच गव्हाची किंवा भरडधान्याची पिठं आणली, एकूण कार्ब्स तेवढेच ठेवले, तर डायबेटिसचा धोका कमी झालेला दिसला नाही. कार्ब्सचा थोडा वाटा काढून तिथे डाळी-कडधान्यांचं किंवा दूध-दह्याचं प्रोटीन आणलं, तिथे फरक दिसला. म्हणून भाकरी विरुद्ध कॉर्नफ्लेक्स हा सामनाच चुकीचा लागलाय. ताटातलं प्रोटीन किती आणि धान्य किती, हे आधी ठरवा.

तरी पण मोजूनमापून दादा, तुमच्याशीही माझं भांडण आहे. 'वरून १०-१२ ग्रॅम' हे कागदावर छान. माझ्याकडे येणाऱ्या लोकांत काटा पंधरा दिवस ओट्याच्या कडेला असतो, मग तो पिठाच्या डब्यामागे जातो आणि १२ चे ३० होतात. कुरकुरीत वस्तूची खोड अशी की तिने पोट भरल्यासारखं वाटतच नाही. भाकरी निदान चावावी लागते. एक भाकरी खाणाऱ्याला आपण एक खाल्ली हे माहीत असतं. कॉर्नफ्लेक्सचं तसं नाही. हात कधी थांबला ते कोणालाच कळत नाही.

दोंडाईच्याचा मकावाला

मी मका पिकवतो म्हणून बोलतो. कॉर्नफ्लेक्स म्हणजे मक्याचा दाणा, असं ज्याला वाटतं त्याने जरा ऐकावं. दाण्याचं साल निघतं, अंकुर निघतो (त्यातच तेल असतं, ते वेगळं विकलं जातं), उरतो मधला पिष्टाचा भरडा. तो साखर, मीठ, माल्टसोबत वाफेवर शिजवायचा, वाळवायचा, रुळांतून दाबायचा आणि भट्टीत भाजायचा. जीवनसत्त्वं आणि लोह वरून घालतात, म्हणून डब्यावर एवढी मोठी यादी. आमच्या दोंडाईच्यात मक्यापासून स्टार्च काढायचा कारखाना आहे. मक्यात पिष्ट किती असतं हे आम्हाला वेगळं शिकवावं लागत नाही. असं शिजवून, दाबून, भाजून झालेलं पिष्ट पोटात गेलं की झटपट साखर होतं. कॉर्नफ्लेक्सचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झटपट वाढते याचं माप) ८० च्या घरात सांगतात तो त्यामुळेच.

एक गंमत. असे फ्लेक्स (आधी गव्हाचे, मग मक्याचे) निघाले अमेरिकेतल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात, १८९४ च्या सुमारास, रुग्णांना पचायला सोपं मिळावं म्हणून. तिथले प्रमुख डॉक्टर केलॉग साखरेच्या विरोधात होते. त्यांच्या भावाने १९०६ मध्ये कंपनी काढली आणि त्याला चवीसाठी साखर हवी होती. दोघा भावांचं पुढे कोर्टापर्यंत गेलं. आपल्याकडे बांधावरून जातं, त्यांचं फ्लेक्सवरून गेलं!

शहाद्याची सून

पुरुष मंडळी आज कळण्याची भाकरी म्हणताहेत, उद्या फुणके-कढी म्हणतील. पहाटे उठून भाकरी थापतं कोण? फुणक्यांची डाळ आदल्या रात्री भिजत घालून सकाळी जाडसर वाटून वाफवतं कोण? माझी सातची बस असते. ज्या घरात सिरीयलचा डबा आला, तो आळसाने नाही, वेळ नाही म्हणून आला. त्यावर टीका करायची असेल तर आधी एक आठवडा सकाळचा ओटा सांभाळा.

आणि फुणके काय लो-कार्ब आहेत का? तूरडाळच ती. तिच्यातही साठेक टक्के कार्ब्स आहेत. पण प्रोटीन वीसच्या वर, म्हणून थोड्यात पोट भरतं. मी रविवारी जास्त करून फ्रिजमध्ये ठेवते, दोन दिवस कढीसोबत जातात. बाकीचे दिवस ओट्स. साधे, जाड, मसाला पाकीटवाले नाही. ३० ग्रॅमला २० कार्ब्स, त्यात ३ फायबर. ताकात शिजवते, लसूण-जिऱ्याची फोडणी, मूठभर मेथी. सासूबाई त्याला 'घोड्याचा खुराक' म्हणतात, पण दोन वेळा मागून घेतात.

ज्वारीच्या लाह्यांचं कोणीच काढलं नाही. नागपंचमीला फोडतो त्याच. आपलं देशी सिरीयल. दह्यात टाकून बघा, कॉर्नफ्लेक्सची आठवण येणार नाही.

मोजूनमापून

ताई, लाह्या माझ्याही यादीत घेतल्या. फक्त 'देशी आहे म्हणून चालेल' असं नको. फुटलेल्या धान्याची साखर लवकरच होते, मग ते ज्वारीचं असो की मक्याचं. फायदा इतकाच की लाह्या वजनाला हलक्या, मूठभर दिसतात पण काट्यावर जेमतेम भरतात, आणि वर साखर-माल्ट नसतं.

किटो_भुसावळ

एवढी चर्चा करण्यापेक्षा दोन अंडी उकडा. कार्ब्स जवळजवळ शून्य. विषय संपला. सिरीयल लो-कार्बमध्ये बसवणं म्हणजे दारू सोडताना रोज एक पेग ठेवण्यासारखं.

कळणा-ठेचा

आमच्या घरात अंडं शिजत नाही. आता?

किटो_भुसावळ

पनीर. दाणे. तीळ. वांग्याचं भरीत खा की! जळगावच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय आणि वांग्यात १०० ग्रॅमला कार्ब्स पाच-सहा. सकाळी भरीत खाऊ नये असा काही कायदा आहे का? भाकरीशिवाय मात्र. तिथेच सगळे अडकतात.

कळणा-ठेचा

भाकरीशिवाय भरीत? भरीत पार्टीत असं बोलला असतास तर पुन्हा कोणी बोलावलं नसतं.

धुळ्याची आहारवाली

अंडी चांगलीच, भरीतही चांगलं. पण 'एक पेग' पटलं नाही. प्रत्येकाला सगळं तोडून टाकणं झेपत नाही, आणि लो-कार्ब म्हणजे किटो नाही. थोडं धान्य ठेवून वर्षभर टिकणारा माणूस, सगळं सोडून महिन्याभरात कचोरीवर परत येणाऱ्यापेक्षा बरा. म्हणून मोजूनमापून यांची मांडणी मी पूर्ण नाकारत नाही. फक्त त्यात एक दुरुस्ती: फ्लेक्स कालवू नका. आधी दही-दाणे खा, फ्लेक्स शेवटी. प्रोटीन-फायबर आधी पोटात गेलं की नंतरच्या कार्ब्सनी शुगर तेवढी उसळत नाही. आणि डबा मोठा आणू नका. दहा-बारा ग्रॅमच्या पुड्या बांधून ठेवा. काटा हरवला तरी पुडी हरवत नाही.

डब्यामागचा मजकूर वाचायची सवय लावा. पुढच्या बाजूला 'मल्टिग्रेन', 'मध', 'फायबरयुक्त' काहीही असो. मागे एकूण कार्ब्स आणि वरून घातलेली साखर बघा. म्युझलीत तर मनुका आणि सुकवलेली फळं मिळून साखर कॉर्नफ्लेक्सच्या वर जाते. लोक तीच 'हेल्दी' म्हणून जास्त खातात. मुलांची चॉकलेटवाली तर विचारूच नका.

रावेरचा केळीवाला

सगळं वाचलं. केळ्यावर घसरलात म्हणून लिहितो. केळं सोडू नका हो, आमचं काय होणार! कॉर्नफ्लेक्स सोडा, केळं ठेवा. २३ ग्रॅम कार्ब्स, पण फळ आहे, पोटॅशियम आहे. अर्धं चालेल ना?

मोजूनमापून

अर्धं चालेल. पण त्या दिवशी फ्लेक्स नाहीत. सकाळच्या कोट्यात दोघांना जागा नाही. आणि कळणा-ठेचा भाऊंनी 'ती वस्तूच काढून टाका' म्हटलं होतं, त्याचं उत्तर राहिलं होतं. काढता येते, हे मान्य. पण ज्या माणसाला रोज नुसतं दही-दाणे बघून कंटाळा येतो आणि दहाव्या दिवशी तो टॉवरजवळच्या गाडीवर कचोरी-जिलेबी खातो, त्याच्यासाठी दहा ग्रॅम फ्लेक्स हा स्वस्त सौदा आहे. मी तो माणूस आहे. तुम्ही नसाल तर काढा.

कळणा-ठेचा

नाही काढत, आणतच नाही. पण अर्धी भाकरी आणि दुप्पट भाजी करून बघतो. ठेचा तेवढाच राहील.

पाचोऱ्याहून

मध्ये विचारतो. वडिलांना सात-आठ वर्षांपासून डायबेटिस. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी. दोन भाकरी खातात. हे वाचून उद्यापासून भाकरी बंद करून दही-दाणे-फ्लेक्सवर आणू का?

धुळ्याची आहारवाली

उद्यापासून नको. ग्लिमेपिराइड शुगर ओढून खाली आणतं. त्या गोळीचा डोस दोन भाकरी धरून ठरलेला असणार. कार्ब्स एकदम ८०-९० वरून २० वर आणले आणि गोळी तीच राहिली, तर शुगर खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. इन्सुलिनवाल्यांनाही हेच लागू. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका फार कमी असतो, पण त्यांचं तसं नाही. आधी डॉक्टरांना सांगा की खाणं कमी करायचंय, डोस तेच बसवून देतील. मग हळूहळू. आणि भुसावळच्या भाऊंसाठी: डायबेटिसची डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असलेल्याला किटोचा सल्ला देऊ नका. त्यात शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात किटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढून माणूस आयसीयूत जाऊ शकतो.

किटो_भुसावळ

हे माहीत नव्हतं. लक्षात ठेवतो.

पाचोऱ्याहून

सोमवारी डॉक्टरांकडे जायचंच आहे. तोपर्यंत निदान एक भाकरी तरी कमी करू?

धुळ्याची आहारवाली

नको. गोळी तीच तर भाकरी त्याच, वेळही तीच. घरी ग्लुकोमीटर असेल तर उपाशीपोटी आणि खाल्ल्यावर दोन तासांनी बघून वहीत लिहून ठेवा. सोमवारी ती वही सोबत न्या.