गॉर्डन कव्हेंट्रीच्या १२९९ गोलांची नोंद नेमकी कशी लिहावी?

क्रीडाशिक्षक, अंबाजोगाई

सर्वांना नमस्कार. आमच्या शाळेच्या भित्तिफलकावर दर महिन्याला एका जुन्या खेळाडूची ओळख लिहिली जाते. माझा पुतण्या शिक्षणासाठी मेलबर्नला असतो. तिथल्या डॉकलँड्स स्टेडियममध्ये मैदानाच्या एका टोकाला ‘लॉकेट एंड’ आणि दुसऱ्या टोकाला ‘कव्हेंट्री एंड’ म्हणतात, असे त्याने कळवल्यापासून गॉर्डन कव्हेंट्री या खेळाडूविषयी मला कुतूहल लागून राहिले आहे. तो कॉलिंगवुड क्लबकडून १९२० ते १९३७ या काळात ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळला आणि त्याने १२९९ गोल केले, एवढे मला समजले. परंतु हा आकडा आपल्या ओळखीच्या फुटबॉलमधील गोलांसारखाच मोजायचा का, आणि ‘एका हंगामात शंभर गोल करणारा पहिला खेळाडू’ असे त्याच्याविषयी लिहिले तर ते बरोबर ठरेल का, हे जाणकारांनी सांगावे. मुले फलकावरचा मजकूर वहीत उतरवून घेतात, त्यामुळे त्यात एकही चूक राहू नये असे मला मनापासून वाटते.

नांदेडचा प्रेक्षक

सर, आधी मोजणीचे सांगतो. या खेळात दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब असतात, त्यांना आडवी दांडी नसते आणि गोलरक्षकही नसतो. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथेने थेट पार गेला, वाटेत कोणाचाही स्पर्श झाला नाही, तर तो गोल धरतात आणि त्याचे सहा गुण मिळतात. मधला आणि बाजूचा खांब यांच्यामधून गेला तर ‘बिहाइंड’, म्हणजे एकच गुण. १२९९ हे गोल आहेत, गुण नव्हेत. ते ३०६ सामन्यांत झाले आहेत, म्हणजे सामन्याला सव्वाचार गोलांच्या आसपास. मेस्सी किंवा पेले यांच्या गोलांशेजारी हा आकडा ठेवला तर मुलांचा गैरसमज होईल, कारण या खेळात एकेका संघाचे सामन्यात दहा-पंधरा गोल होणे नवलाचे नसते.

तरीही आकड्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही. १९३७ साली कव्हेंट्री निवृत्त झाला आणि व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमधील, म्हणजे आजच्या एएफएलमधील, त्याचा हा विक्रम टोनी लॉकेटने मोडला तो थेट १९९९ साली. बासष्ट वर्षे! डॉकलँड्सच्या दोन टोकांना याच दोघांची नावे आहेत.

त्याच्या खेळाविषयी फलकावर अवश्य लिहावे. इतरांच्या खांद्यावरून उंच उडी घेऊन चेंडू झेलणे ही या खेळाची नजरेत भरणारी गोष्ट, पण कव्हेंट्रीची ख्याती तशा उड्यांसाठी नव्हती. अंगाच्या बळावर जागा धरून ठेवायची, चेंडू कोठे येणार हे आधी ओळखायचे आणि तो हातात आला की निसटू द्यायचा नाही, ही त्याची रीत होती. लाथेने आलेला चेंडू असा झेलला की त्याला ‘मार्क’ म्हणतात, आणि मग झेलणाऱ्याला कोणाचाही अडथळा न होता लाथ मारता येते. त्यामुळे गोलासमोर उभा असलेला खेळाडू जितका खात्रीचा झेलणारा, तितके त्याचे गोल अधिक.

काळाचाही त्यात वाटा आहे. १९२५ साली नियम बदलला आणि चेंडू सीमारेषेबाहेर घालवणाऱ्या संघाविरुद्ध फ्री किक मिळू लागली. त्यामुळे कडेकडेने खेळणे धोक्याचे झाले, संघ मैदानाच्या मधून सरळ गोलाकडे चेंडू नेऊ लागले, आणि गोलासमोरच्या फुल-फॉरवर्डला पूर्वी कधी नव्हता इतका चेंडू मिळू लागला. हा नियम १९३८ च्या हंगामापर्यंत टिकला, म्हणजे कव्हेंट्रीची ऐन भराची वर्षे त्याच काळात आली.

परभणीची वाचक

सर, मला या कारकिर्दीत सर्वांत जास्त भावतात ते लागोपाठचे दोन अंतिम सामने, आणि मुलांना आकड्यांपेक्षा ते अधिक लक्षात राहतील असे वाटते.

१९२७ चा अंतिम सामना भर पावसात झाला. आपल्याकडे मृगाच्या सरीनंतर काळ्या रानात पाऊल टाकले की चप्पल चिखलातच राहते. अशा मैदानात लांबट, भिजून जड झालेला चेंडू झेलायचा आणि मारायचा म्हणजे काय, याची कल्पना परभणीच्या माणसाला वेगळी द्यावी लागत नाही. त्या दिवशी कॉलिंगवुडचे सगळे मिळून दोन गोल आणि तेरा बिहाइंड झाले, म्हणजे पंचवीस गुण. रिचमंडचा एकच गोल आणि एकूण तेरा गुण. कॉलिंगवुडचे ते दोन्ही गोल कव्हेंट्रीचे होते. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, पुन्हा हेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले आणि कॉलिंगवुडच्या तेरा गोलांपैकी नऊ एकट्या कव्हेंट्रीने केले. अंतिम सामन्यातील या नऊ गोलांची बरोबरी १९८९ साली गॅरी ॲब्लेटने केली, तोवर ती कोणालाही साधली नव्हती.

त्याचा थोरला भाऊ सिड कव्हेंट्री याच संघाचा कर्णधार होता, हेही फलकावर घ्यावे. १९२७ ते १९३० अशी सलग चार विजेतेपदे कॉलिंगवुडने जिंकली, ती सिडच्या नेतृत्वाखाली आणि जॉक मॅकहेल यांच्या प्रशिक्षणाखाली. लोक या संघाला ‘मशीन’ म्हणत. १९२९ साली तर त्यांनी साखळीतील अठराच्या अठरा सामने जिंकले. अशा संघाकडून गोलासमोर चेंडूंचा ओघ लागत असे, म्हणून गॉर्डनचे गोल मोजताना चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचवणाऱ्यांना विसरू नये. खो-खो खेळलेल्या मुलांना हे समजावून सांगावे लागणार नाही. वेळेवर खो मिळाला नाही तर चांगला धावणारा आक्रमकही हात हलवत राहतो.

जालन्याचा जुना सभासद

‘पहिला’ या शब्दाबाबत मात्र सावध राहावे. कव्हेंट्रीने १९२९ साली १२४ गोल केले आणि व्हिक्टोरियन फुटबॉल लीगच्या एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिला ठरला. परंतु ऑस्ट्रेलियात तेव्हा लीग एकच नव्हती. मेलबर्नमध्येच व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन ही वेगळी स्पर्धा चाले, आणि तिथे डेव्ह मॅकनामाराने १९१२ सालीच १०७ गोल केले होते. ॲडलेडच्या लीगमध्ये केन फार्मरने पुढे २२४ सामन्यांत १४१७ गोल केले. म्हणजे एकूण गोलांच्या बाबतीतही ‘देशात सर्वाधिक’ असे लिहिणे चुकीचे ठरेल. लीगचे नाव घातले की वाक्य खरे होते, नाव गाळले की खोटे. तसेच कव्हेंट्रीच्या आधी कॉलिंगवुडकडून ७०७ गोल करून १९२२ साली निवृत्त झालेला डिक ली, ज्याची जागा त्याने पुढे चालवली, त्याचाही एका ओळीत उल्लेख व्हावा अशी विनंती आहे. कव्हेंट्री काही रिकाम्या वावरात उगवला नव्हता.

क्रीडाशिक्षक, अंबाजोगाई

आपणा सर्वांचा अत्यंत आभारी आहे. आणखी एक शंका आहे. कॉलिंगवुडने १९३५ आणि १९३६ अशी दोन्ही विजेतेपदे जिंकली, परंतु कव्हेंट्रीच्या नावावर १९३६ चे विजेतेपद दिसत नाही. तो जखमी होता का?

नांदेडचा प्रेक्षक

नाही सर, त्याच्यावर बंदी होती. त्या हंगामात त्याच्या मानेवर गळवे झाली होती. रिचमंडविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या जो मर्डोक या खेळाडूचे फटके त्या दुखऱ्या जागेवर बसले आणि कव्हेंट्रीने उलट हात उचलला. सतराव्या हंगामापर्यंत त्याच्याविरुद्ध एकदाही तक्रार झालेली नव्हती, तरी त्याला आठ सामन्यांची बंदी झाली आणि अंतिम सामना त्याच्याशिवाय खेळला गेला. शिक्षा फार कठोर होती असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या वर्षी तो परतला, लीगमध्ये तीनशे सामने खेळणारा पहिला खेळाडू झाला, आणि १९३७ च्या जीलाँगविरुद्ध गमावलेल्या अंतिम सामन्यानंतर थांबला.

क्रीडाशिक्षक, अंबाजोगाई

मग फलकावर असे लिहितो : ‘व्हिक्टोरियन फुटबॉल लीगच्या एका हंगामात शंभर गोल करणारा पहिला खेळाडू, १९२९.’ लीगचे नाव मोठ्या अक्षरांत घेतो, आणि १९२७ च्या चिखलातील ते दोन गोल सर्वांत वर.