१९७३ च्या प्रीमियर प्रेसिडेंटला तिसरा ब्रेकलाइट: पत्र्याला छिद्र न पाडता कसा बसवावा?

सातारारोड यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९७३ सालची प्रीमियर प्रेसिडेंट आहे. ज्यांना हे नाव अनोळखी वाटेल त्यांच्यासाठी सांगतो, की आधी फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून जी गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली, तिचेच हे मधल्या काळातले नाव. गाडी वडिलांनी घेतलेली आहे, पत्रा आणि १०८९ सीसीचे इंजिन मूळचेच आहे, आणि महिन्यातून दोनदा तरी ती पुणे-सातारा-पुणे करते.

डिसेंबरात साताऱ्याहून परतताना खंबाटकीचा बोगदा ओलांडून उतारावर पुढची वाहतूक थबकली म्हणून मी ब्रेक लावला. दुपारचे तिरपे ऊन नेमके गाडीच्या पाठीवर होते. मागच्या गाडीने उशिरा ब्रेक दाबला आणि माझ्या बंपरचा डावा कोपरा चेपला. चालक तरुण होता, उतरून आधी माझीच विचारपूस केली, आणि मग म्हणाला, "काका, तुमचा ब्रेकलाइट लागलेला मला दिसलाच नाही." त्याचे म्हणणे मला बहाणा वाटले होते. पण घरी आल्यावर मुलीला पेडलवर पाय ठेवायला सांगून मी उन्हात दहा पावले मागे जाऊन उभा राहिलो, तेव्हा दिवा लागला आहे की लाल काचेवर ऊन चमकते आहे, हे मलाही ठरवता येईना.

म्हणून मागच्या काचेआड तिसरा ब्रेकलाइट बसवण्याचा विचार आहे. पत्र्याला छिद्र पाडायचे नाही आणि उद्या काढला तर खूण राहता कामा नये, एवढी अट आहे. त्याला वीज कोठून घ्यावी, पन्नास वर्षांचा ब्रेक स्विच आणि वायरिंग हा वाढीव भार सोसेल का, आणि आरटीओच्या दृष्टीने काही अडचण येते का, हे जाणकारांनी सांगावे.

वायरिंगवाले नाना यांचे उत्तर

तिसऱ्या दिव्याकडे वळण्याआधी पहिल्या दोघांची चौकशी करा, कारण तुमच्या वर्णनावरून दोष मला तिथेच दिसतो. मल्टिमीटर घ्या, इंजिन बंद ठेवा, पेडल कोणाला तरी दाबून धरायला सांगा (कोणी नसेल तर सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडी काठी अडकवा) आणि बल्ब होल्डरमध्ये असतानाच त्याच्या दोन टोकांमधले व्होल्टेज मोजा. मग बल्बच्या पितळी अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा. हे दुसरे माप शून्याच्या जवळ हवे. तिथे अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला तर होल्डरचा अर्थ (बॉडीतून बॅटरीकडे परत जाणारा जोड) गंजला आहे असे समजा.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगतो याचे कारण असे, की फिलॅमेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने कमी होतो. व्होल्टेज १५ टक्के घटले की प्रकाश सुमारे ४० टक्के घटतो. बॅटरीत १२.६ असताना बल्बपाशी १०.७ पोहोचत असतील, तर रात्री डोळ्यांना फरक जाणवणार नाही, पण उन्हात तो दिवा जवळजवळ नाहीसाच होतो. होल्डर काढून आतला भाग बारीक पॉलिश पेपरने घासा, पत्र्याला टेकणारी जागा रंग खरवडून स्वच्छ करा, आणि शक्य असल्यास होल्डरपासून बॉडीच्या चांगल्या नटापर्यंत अर्थची स्वतंत्र वायर टाका. आतला परावर्तक काळवंडला असेल तर तोही पाहा. बहुतेक गाड्यांचे निम्मे दुखणे इथेच बरे होते.

आता भाराचे पाहू. ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर, आणि दोन मिळून साडेतीन. त्यात २१ वॅटचा तिसरा बल्ब घातला तर सव्वापाच अँपिअर होतात, म्हणजे जुन्या स्विचच्या झिजलेल्या काँटॅक्टवर दीडपट भार. तो घालू नका. तीन-चार वॅटचा एलईडी दिवा पाव ते एक तृतीयांश अँपिअर घेतो, तो स्विचच्या खिजगणतीतही नसतो. शिवाय फिलॅमेंट तापून पूर्ण उजळायला सुमारे एक पंचमांश सेकंद घेते आणि एलईडी तत्क्षणी लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मागची गाडी तेवढ्यात जवळजवळ साडेचार मीटर पुढे आलेली असते.

वीज डिकीतल्या डाव्या होल्डरपाशी घ्या. बल्ब दोन फिलॅमेंटचा असेल तर वायर ओळखण्यात चूक होते, म्हणून पार्किंग लाइट लावून टेस्ट लॅम्पने पाहा. पेडल दाबल्यावरच पेटते ती ब्रेकची वायर. जुनी वायर कापू नका आणि इन्सुलेशनमध्ये दात रुतवणारी निळी क्लिप तर मुळीच लावू नका, कारण त्या चिरेतून पावसाळ्यात गंज शिरतो. दुहेरी बुलेट जोड (ओढून सुटणारी, दोन वायर एकत्र घेणारी पिन) लावला की उद्या उपटून मूळ जोडणी परत करता येते. जोडाच्या लगेच पुढे एक किंवा दोन अँपिअरचा इनलाइन (वायरीतच बसणारा) फ्यूज घाला, म्हणजे नव्या वायरमध्ये काही बिघडले तरी जुने दोन दिवे अंधारात जाणार नाहीत. पत्र्याच्या कडेवरून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू न देणारे कडे, हवाच. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि वायर पेट्रोलच्या टाकीपासून लांबून न्या.

शेवटचे म्हणजे स्विच. तो पेडलजवळ आहे की ब्रेकच्या लाइनवर, हे पाहा. लाइनवरचा स्विच तेलाचा दाब चढल्यावरच लागतो, त्यामुळे हलका ब्रेक लावला की गाडी मंदावू लागते आणि दिवा मागाहून लागतो. अंधारात गाडी भिंतीला पाठ करून उभी करा, पेडल अगदी हळू दाबा, आणि भिंत केव्हा लाल होते ते पाहा. उशीर फार असेल तर पेडलच्या दांड्यावर चालणारा साधा स्विच पट्टीवर बसवून जुन्याला समांतर जोडावा. माझ्या मते रिले (अगदी थोड्या प्रवाहाने चालून मोठा भार स्वतः वाहणारा स्विच) घालून जुन्या स्विचवरचा साडेतीन अँपिअरचा भारही काढून घ्यावा.

काचेआडून यांचे उत्तर

जोडणीचे नानांनी सांगितले, मी जागेचे सांगतो, कारण माझ्या अँबॅसडरवर मी हा दिवा तीन वेळा बसवला आहे आणि पहिल्या दोन वेळा चुकलो आहे.

पहिला दिवा रबरी कपांनी काचेला चिकटवला होता. मेच्या उन्हात कप सुटले आणि दिवा पार्सल ट्रेवर (मागच्या सीटमागच्या फळीवर) पालथा पडला; मी आठवडाभर तसाच हिंडलो असेन, कारण पुढे बसलेल्याला ते कळायचे काहीच कारण नसते. दुसरा दिवा पट्टीवर नीट बसवला, पण काचेपासून दोन बोटे अंतर राहिले. रात्री ब्रेक लावला की आतून काचेवर लाल प्रतिबिंब पडायचे आणि आरशात तेवढेच दिसायचे. तिसऱ्या वेळी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून दिव्याच्या तोंडाभोवती चौकटीसारखी चिकटवली आणि ती काचेला हलकीशी टेकवली. तेव्हापासून आत लाल उजेडाचा थेंबही येत नाही.

दिवा काचेच्या उताराला समांतर चिकटवू नका. एलईडीचा झोत अरुंद असतो आणि तुमची काच तिरपी आहे. दिवा तिच्याबरोबर कलला की उजेड आकाशाकडे जातो. पट्टी वाकवून दिव्याचे तोंड सरळ मागे करा, मग दहा-पंधरा मीटरवर कोणाला तरी खुर्चीवर बसवून पेडल दाबा. उभा माणूस चालणार नाही, त्याचे डोळे मागच्या चालकाच्या डोळ्यांपेक्षा उंच असतात. ॲल्युमिनियमची एल आकाराची पट्टी ट्रेच्या कडेखाली, आधीपासून असलेल्या स्क्रूत अडकवता येते. काचेवर काळी फिल्म असेल तर एवढा खटाटोप व्यर्थ आहे. बाजारात ब्रेक दाबल्यावर चार-पाच वेळा लुकलुकून मग स्थिर होणारे दिवे मिळतात. ते घेऊ नका. ब्रेकचा दिवा लाल आणि स्थिर असावा, लुकलुकण्याचे काम इंडिकेटरचे आहे.

पॉझिटिव्ह अर्थ यांचे उत्तर

प्रश्नकर्त्यांची गाडी निगेटिव्ह अर्थची असल्याने त्यांना माझा अनुभव लागू नाही, पण हा धागा उद्या जुन्या इंग्रजी गाडीचा मालक वाचेल म्हणून लिहितो. माझी मॉरिस मायनर १९५६ ची आहे. तिच्यात बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. साध्या बल्बला दिशेशी देणेघेणे नसते, पण एलईडीला असते. वायरमनने सवयीने काळी वायर बॉडीला लावली आणि दिवा लागला नाही, एवढ्यावर निभावले. मग आम्ही लाल वायर बॉडीला आणि काळी ब्रेकच्या वायरला जोडली, आणि दिवा बसवताच जोडापाशी धूर निघाला. त्या दिव्याचे धातूचे कवच आतून काळ्या वायरला जोडलेले होते; पट्टीतून ते बॉडीला टेकले आणि शॉर्ट झाले. मायनरमध्ये फ्यूज दोनच आणि तेही ३५ अँपिअरचे, त्यामुळे फ्यूज शाबूत राहिला आणि आमची बारीक वायर जळाली. प्लॅस्टिकच्या कवचाचा दिवा घ्यावा आणि इनलाइन फ्यूज आधी लावावा, हे मी त्या दिवशी शिकलो.

जुन्या अमेरिकन गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यांच्यापैकी अनेकींत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच फिलॅमेंटवर चालतात, म्हणून मागच्या दिव्यापाशी वीज घेतली तर तिसरा ब्रेकलाइट इंडिकेटरबरोबर मिचकावू लागतो. तिथे ब्रेक स्विच आणि इंडिकेटरचा स्विच यांच्या मधूनच वायर घ्यावी लागते.

डोंबिवली फास्ट यांचे उत्तर

नानांच्या रिलेला माझा विरोध आहे. आज स्विच हाच एक नाजूक सांधा आहे. रिले घातला की त्याचा सॉकेट, त्याचा फ्यूज आणि तो स्वतः असे आणखी तीन सांधे वाढतात, आणि त्यातला कोणताही गेला तर तिन्ही दिवे एकदम जातात. स्विच पन्नास वर्षे साडेतीन अँपिअर वाहतो आहे, तर नवा स्विच घालून तसाच वाहू द्यावा.

उपयोगाबद्दल थोडे आकड्यांत बोलतो. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने ३४३ टॅक्सींना तिसरा दिवा लावून पाहिला, आणि त्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका ६० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पुढे अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून मोटारगाड्यांना हा दिवा सक्तीचा झाला. पण तो सगळ्यांनाच लागल्यावर, १९९८ च्या सरकारी मूल्यमापनात दीर्घकालीन घट ४.३ टक्केच भरली. नवलाई संपली, असा याचा सरळ अर्थ. तरीही जुन्या गाडीच्या बाबतीत माझा निष्कर्ष उलटा आहे: आता मागच्या चालकाच्या डोळ्याला काचेच्या उंचीवर लाल दिवा शोधायची सवय लागली आहे आणि तुमची गाडी तिथे त्याला काहीच देत नाही. तेव्हा बसवाच, फक्त ६० टक्क्यांच्या भरवशावर अंतर कमी ठेवू नका. तुमच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत.

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ चा रोख नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांवर आहे. काचेआड ठेवलेल्या, काढता येणाऱ्या दिव्याने त्यातला कोणताही तपशील बदलत नाही, असे मी समजतो. तुमची गाडी पन्नाशी ओलांडून गेल्यामुळे २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणीचा मोह होऊ शकतो. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, म्हणून तुमची छिद्र न पाडण्याची अट शहाणपणाची आहे. मात्र ती नोंदणी घेतलेली गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणजे साताऱ्याच्या फेऱ्या बंद होतील, हे लक्षात असू द्या.

सातारारोड यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सकाळपासून गाडीमागे होतो, म्हणून उशिरा लिहितो आहे.

नानांचा अंदाज खरा ठरला. बॅटरीत १२.४ व्होल्ट असताना उजव्या बल्बपाशी ११.६ मिळाले आणि डाव्यापाशी १०.३. डाव्या होल्डरचा अर्थ ज्या स्क्रूवर अवलंबून होता, त्याच्याखाली मागे कधीतरी गाडी रंगवणाऱ्याने रंगाचा जाड थर चढवला होता; म्हणजे "पत्रा मूळचा" हे माझे विधान खरे असले तरी रंगाबद्दल वडिलांनी मला सगळे सांगितलेले दिसत नाही. खरवडून वेगळी वायर टाकल्यावर डावीकडे ११.७ आले. त्याच उन्हात, त्याच दहा पावलांवर उभा राहिलो, तेव्हा दोन्ही दिवे निदान लागलेले कळत होते.

स्विच ब्रेकच्या लाइनवरच निघाला. भिंतीची कसोटी केली आणि पेडल बरेच खाली गेल्यावर भिंत लाल झाली. त्या मुलाला मी मनातल्या मनात खोटारडा म्हटले होते, ते मागे घेतो. पेडलजवळचा स्विच समांतर बसवून घेतला. रिले तूर्त घातलेला नाही, यावर नाना रागावणार नाहीत अशी आशा आहे.

तिसरा दिवा प्लॅस्टिकच्या कवचाचा, तीन वॅटचा घेतला आणि दोन अँपिअरच्या फ्यूजसह ट्रेच्या स्क्रूवर बसवला. पहिल्या रात्री आरशात लाल उजेड दिसला, तेव्हा शेजारच्या सायकलवाल्याकडून पंक्चर झालेली ट्यूब मागून आणली. त्याने पैसे घेतले नाहीत, पण कशाला हवी हे तीनदा विचारले. बंपरचा कोपरा मात्र अजून चेपलेलाच आहे. क्रोम करून देणाऱ्याने पंधरा दिवसांनी या म्हणून सांगितले आहे.