पहिला वस्तरा घ्यायचाय, बजेट साडेतीन हजार

खाडीकाठ (देवगड):

नमस्कार मंडळी. कलमांची कामं बघतो, दिवस उन्हात जातो. गेली दहा वर्षं तीन पात्यांचं रेझर वापरतोय आणि मानेवर कायम पुळ्या. डॉक्टर म्हणाले, केस कातडीखाली कापला जातो आणि आतच वळून वाढतो, एका पात्यानं दाढी करून बघा. म्हणून खरा वस्तरा घ्यायचं मनात आहे, ब्लेड बदलायचा नव्हे.

सगळं मिळून साडेतीन हजार खर्च करू शकतो. दोन वस्तरे बघून ठेवलेत. एक चिनी गोल्ड डॉलर ६६, हजाराच्या आसपास. दुसरा दमास्कस नक्षीचा, लाकडी पेटीसकट अठराशेला, दिसायला फारच सुंदर. कुठला घेऊ? आजोबांच्या ट्रंकेत एक जुना वस्तरा आहे, पण तो गंजलाय, त्यामुळे तो हिशेबात धरत नाही.

सडाफुली (रत्नागिरी):

माझं मत, आधी सलूनवाले वापरतात तो अर्ध्या ब्लेडचा घ्या. दोन-तीनशेत येतो. धार लावायचा दगड नको, धार परजायचा चामड्याचा पट्टा नको, ब्लेड बोथट झालं की टाकून द्यायचं. सहा महिने हात बसू दे, मग खऱ्या वस्तऱ्याचं बघा.

धोकटी (मालवण):

खाडीकाठ, आधी मोबाइल बाजूला ठेवा आणि ट्रंक उघडा. तुम्ही जो धरत नाही म्हणता, तोच बहुतेक तुमचा वस्तरा आहे.

माझे आजोबा आणि बाबा दोघांनी हाच धंदा केला. आजोबांच्या काळात घरोघर जाऊन हजामत व्हायची आणि सुगी झाली की भाताचं बलुतं यायचं. मी नोकरी केली, पण बाबांची धोकटी, म्हणजे हजामतीच्या सामानाची पिशवी, माझ्याकडे आहे आणि गेली सतरा वर्षं माझी दाढी त्यातल्याच वस्तऱ्यानं होते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दमास्कसवाला घेऊ नका. असे पेटीतले नक्षीदार वस्तरे बहुतेक शोभेचे असतात. पातं कुठे जाड, कुठे पातळ, पाठ वाकडी. वस्तऱ्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकलेली असतात. कोन हाताने धरायचा नसतो, तो पाठीच्या जाडीवरच ठरतो. पाठ वाकडी असेल तर कितीही घासा, धार सलग येत नाही.

गोल्ड डॉलरचं पोलाद चांगलं असतं, त्याला नावं ठेवणार नाही. पण तो पेटीतून काढून गालाला लावायच्या लायकीचा नसतो. टाचेकडचा, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकाचा, जाड भाग दगडावर आडवा येतो, तो आधी घासून कमी करावा लागतो. धार मुळापासून बसवायची म्हणजे हजार नंबरचा दगड, मग चार हजार, आठ हजार आणि शेवटी बारा हजार नंबरचा; नंबर मोठा तितका दगड बारीक. हे दगड घ्यायला गेलात तर तुमचं बजेट दोनदा संपेल. पहिल्या वर्षी दगड घेऊच नका. धार जाणत्याकडून लावून घ्या आणि पैसे पट्ट्यावर घाला.

पट्ट्याचं मी एवढं का म्हणतो ते सांगतो. बाबा पडवीच्या खांबाला पट्टा अडकवायचे, डाव्या हाताने ताणून धरायचे. आधी जाड कापडावर तीस वेळा, मग चामड्यावर पन्नास. वस्तरा पाठीकडून ओढायचा, टोकाला पोचला की पाठीवरच उलटायचा, धार वरून फिरली पाहिजे. धारेवर उलटलात तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. मी लहानपणी जोरात परजायला लागलो की ते आतून आवाज ऐकून म्हणायचे, "घाय केलंस तर गाल तुझोच कापतलो." पट्टा बरोबर ताणलेला असला की दोन्ही बाजूंना एकसारखा 'सप-सप' येतो. एका बाजूचा आवाज बसका आला की समजायचं, तिकडे पाठ उचलली जातेय. अजूनही मी हातापेक्षा कानावर जास्त विसंबतो.

आता एक चूक सांगतो, ती तुम्ही करू नका. बाबा गेल्यावर त्यांचा दुसरा वस्तरा मी बाजारात चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याकडे दिला. ठिणग्या उडाल्या, पाच मिनिटांत परत मिळाला. घरी येऊन बघतो तर धारेवर निळसर झाक. पोलाद तापून त्याचं पाणी उतरलं होतं, म्हणजे कडकपणा गेला होता. त्या जागी आजही धार टिकत नाही, दोन दाढ्यांत बोथट होते. तीस वर्षं बाबांच्या हातात राहिलेली वस्तू माझ्या एका घाईत गेली. त्या माणसाचा दोष नाही, सुरीला तेच करतात. वस्तरा चाकावर द्यायचाच नसतो.

तुमच्या आजोबांचा वस्तरा असा तपासा. गंज पाठीवर किंवा पात्याच्या पोटात असेल तर काळजी नाही. धारेलगत खोल खड्डे पडले असतील तर मात्र सोडून द्या. खिडकीच्या काचेवर आडवा ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकतात का बघा. डुगडुगला तर पातं पिळलेलं आहे. मग बल्बखाली धार सरळ डोळ्यासमोर धरा. जिथे चकाकी दिसेल तिथे ती बोथट किंवा तुटलेली. तडा असेल तर मोह नको. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात, नवशिक्याला पाच किंवा सहा अष्टमांश पुरे, म्हणजे सोळा ते एकोणीस मिलिमीटर. मूठ कासवाच्या पाठीसारखी पिवळी-तपकिरी, आरपार दिसणारी असेल तर ती सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची असू शकते. जुनं सेल्युलॉइड कुजताना जो वायू सोडतं, त्याने पातं गंजतं. तशी मूठ बदलूनच घ्या.

सडाफुलींचा सल्ला खर्चाच्या बाबतीत बरोबर आहे. पण अर्ध्या ब्लेडचा वस्तरा हलका असतो, पातं कडक आणि फार तिखट, चुकीला माफी नाही. ज्याची मान आधीच दुखावलेली आहे त्याने त्यावर शिकू नये असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा. हे पोलाद कार्बनचं, जून ते सप्टेंबर एका रात्रीत तांबूस डाग धरतं. दाढी झाली की पुसा, पंख्याखाली उघडा ठेवा, मुठीतल्या खिळ्यापाशी पाणी राहतं तिथे कापडाचं टोक घाला. मग शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवा. खोबरेल नको, चिकट थर बसतो. न्हाणीघरात ठेवायचा नाही. पट्ट्याला बुरशी येते, तोही हवेशीर जागी टांगा.

खाडीकाठ (देवगड):

धोकटीकाका, रात्रीच ट्रंक काढली. वस्तरा मेणकापडात गुंडाळलेला होता. पाठीवर तपकिरी गंज, धारेलगत स्वच्छ. काचेवर सपाट बसतो. रुंदी सतरा मिलिमीटर भरली. मूठ काळी, शिंगाची वाटते. दांड्यावर 'शेफील्ड' आणि खाली 'इंग्लंड' कोरलेलं आहे. फक्त टोकाला दोन-अडीच मिलिमीटरची खाप पडलीय, म्हणजे तेवढा तुकडा उडालाय. आई म्हणाली, आजोबा दर रविवारी माडाखाली बसून यानेच दाढी करायचे. आता नवीन घ्यायची इच्छाच राहिली नाही. खापेमुळे बाद होईल का?

धोकटी (मालवण):

अजिबात नाही. अगदी टोकाची खाप दगडावर घासून काढता येते, टोक थोडं गोल होईल इतकंच. नवशिक्याला गोल टोकच बरं, कानाजवळ आणि नाकाखाली टोचत नाही. 'इंग्लंड' लिहिलंय म्हणजे तो बहुधा १८९० नंतरचा असणार. त्या वर्षीच्या अमेरिकी कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, तेव्हापासून कारखानदार ते कोरायला लागले.

गंज तुम्हीच काढा. हजार नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून पाठीकडून धारेच्या दिशेने ओढा, धारेच्या अलीकडे थांबा. मशीन लावू नका. पट्टा चांगला घ्या, अडीच इंच रुंद, हजार-बाराशेपर्यंत. उरलेले पैसे राहू देत.

पहिले पंधरा दिवस फक्त गाल करा, आंघोळीनंतर, कातडी ताणून, वस्तरा साधारण तीस अंशांत, केसांच्या कलाने. हनुवटी आणि मान तोवर जुन्या रेझरनेच. तुरटी जवळ ठेवा.

धार मी लावून देतो, पैसे नकोत. मालवणला कधी येताय ते आदल्या दिवशी कळवा, दगड भिजत घालून ठेवतो.