घरातला पहिला बागाईतदार: तुमच्या पणजोबा-पणजीची गोष्ट लिहा

कऱ्हाकाठ

गेल्या महिन्यात माहेरी माळीनगरला गेले होते. पोटमाळ्यावरची ट्रंक आवरताना पणजोबांचं मुंडासं, एक पितळी तपेली आणि मोडीतले पाच कागद निघाले. कागद कुणाला वाचता येईनात, पण त्यावरून आई जी बोलायला लागली ती रात्री एकला थांबली. म्हणून हा धागा काढते आहे. तुमच्या घरात ज्यानं पहिल्यांदा नवं रान धरलं, नवं पीक लावलं, पाण्यामागे गाव सोडलं, त्याच्याबद्दल लिहा. ऐकीव, अर्धवट, कसंही चालेल.

आमचं मूळ सासवडचं. कऱ्हेकाठी मळा, विहिरीवर मोट, भाजीपाला, थोडा ऊस. भाऊ पाच आणि मळा तेवढाच. 1885च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला आणि बारामतीच्या बाजूला कोरड्या रानात पाट वाहू लागले. पण आडसाली ऊस म्हणजे दीड वर्ष पैसा मातीत घालून बसायचं. शेणखत, पेंड, मजुरी, आणि शेवटी गुळाला भाव मिळेल की नाही याची धाकधूक. हा हिशेब सासवडच्या माळ्यांच्या हाडात मुरलेला होता. त्यांची कित्येक घरं बैलगाडीत संसार टाकून कालव्यामागे निघाली. पुढे काही गोदावरीच्या कालव्यांवर कोपरगावकडे गेली, काही बेलापूरकडे. पणजोबा बारामतीकडे उतरले, खंडानं रान घेतलं आणि पुंड्या ऊस लावला.

विश्वेश्वरय्यांनी नीरेच्या कालव्यावर ब्लॉकची, म्हणजे ठरवून दिलेल्या रानाच्या तुकड्यांनाच पाणी द्यायची पद्धत आणली, तेव्हा ब्लॉकच्या तिसऱ्या हिश्श्यालाच ऊस करता यायचा. पण ज्याला त्याला ऊसच हवा होता आणि पाणी मुबलक. निचरा नाही, त्यामुळे काही वर्षांत रान खारवून पांढरं पडलं, चोपण म्हणजे नापीक झालं. पणजोबा म्हणायचे, "मीच पाजून पाजून मारलं त्याला." हे वाक्य आमच्या घरात तीन पिढ्या जसंच्या तसं चालत आलंय.

त्यात 1930च्या आसपास गूळ कोसळला. 1932 साली सरकारनं देशी साखरेला जकातीचं संरक्षण दिलं आणि त्याच वर्षी सासवडच्या माळ्यांनी एकत्र येऊन अकलूजजवळ स्वतःचा साखर कारखाना काढला. तेच माळीनगर. सहकारी कारखाने नंतरचे, प्रवरानगरचा 1950चा. पणजोबांनी शेअर घेतले ते पणजीच्या पाटल्या मोडून. तिथे तेव्हा नुसता माळ होता, तरवड आणि बाभळी. पणजोबांनी त्या माळाचं सोनं केलं, असं आमच्याकडे म्हणतात.

रानभेंडी

ताई, तुमच्या पाटल्यांवरून आमची पणजी आठवली. आम्हीही सासवडकडचेच, पण कोपरगावला गेलेले. आमच्याकडे पणजोबांचा फोटो भिंतीवर आहे. पणजीचा नाही, तिचा काढलाच नव्हता कुणी.

गुऱ्हाळ तिच्यावर चालायचं, असं आजी सांगायची. रात्री दोनला चुलवण पेटायचं. काहिलीत रस उकळायला लागला की रानभेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घालायचं, म्हणजे मळी वर येते आणि काढून टाकता येते. ती भेंडी कुटायचं, भिजवायचं काम पणजीचं. खरा कस पुढे. गूळ कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. थोडा पाक थंड पाण्यात सोडायचा, बोटांनी गोळी वळायची आणि ती काहिलीच्या काठावर मारायची. टण्ण वाजली तर उतरवायचं. क्षणभर उशीर झाला तर गूळ काळा पडतो, घाई केली तर ढेप धरत नाही. एकदा ऐन हंगामात गुळव्या थंडीतापानं पडला. पणजोबा कपाळाला हात लावून बसले. पणजी डोक्यावरचा पदर आवळून काहिलीपाशी उभी राहिली, गोळी वळली, वाजवली आणि म्हणाली, "उतरवा." त्या दिवसाचा गूळ पुण्याच्या पेठेत सगळ्यांत आधी उठला.

सासवड सोडताना तिनं अंजिराची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती, पुरंदरची आठवण म्हणून. कोपीमागे लावली. त्या झाडाच्या फांद्यांची झाडं आज आमच्या चार घरांच्या परसात आहेत. फोटो नाही तर नाही, अंजीर आहे.

कातळ

आमच्याकडे कालवा नाही, ऊस नाही. देवगडचा कातळ. आजोबांच्या वडिलांनी कातळावर हापूसची कलमं लावायची म्हटलं तेव्हा वाडीत कुणी ऐकूनही घेतलं नाही. सुरुंग लावून खड्डे फोडले, आणि खालच्या वळणातली माती बायकांनी टोपल्यांनी वर चढवली. पहिले तीन उन्हाळे कलमांना कळशीनं पाणी घातलं. पहिला मोहर आला त्या वर्षी पणजोबा गेले, फळ त्यांनी खाल्लं नाही. घरात अजून पहिली पेटी विकत नाहीत. पहिले चार आंबे बागेच्या वरच्या कोपऱ्यात ठेवतात.

पाणंद

ताई, तुमच्या पणजोबांबद्दल आदर ठेवूनच लिहितो. "नुसता माळ" हे वाचून थांबलो.

मी माळीनगरच्याच, माळशिरस तालुक्यातला. तो माळ कुणाच्या तरी नावावर होता. आमचा आमच्या खापरपणजोबांच्या. बाजरी, हुलगा, मटकी निघायची, मेंढरं चरायची. पोटापुरतं होतं, पण होतं. पाट आला तेव्हा उसाला घालायला भांडवल नाही आणि डोक्यावर सावकाराचं देणं, म्हणून रान लांब मुदतीच्या खंडानं एका साखर कंपनीला दिलं. मग माझे आजोबा स्वतःच्याच रानात रोजंदारीवर ऊस तोडायला जायचे. दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी सरीसरीत वळवायला शिकले तेही तिथेच.

1961 साली कमाल जमीन धारणेचा कायदा आला. कंपन्यांकडची जमीन सरकारजमा झाली आणि खंडकऱ्यांची, म्हणजे आमच्यासारख्या खंडानं रान दिलेल्यांची मूळ जमीनही तिच्यासोबत गेली. मोर्चे, अर्ज, कोर्ट यांतच वडिलांचं आयुष्य गेलं. 2012नंतर वाटप सुरू झालं आणि आमच्या वाट्याची जमीन मिळाली तेव्हा वडील 78 वर्षांचे होते. मोजणीदार गेल्यावर ते चपला काढून रानात शिरले. एक ढेकूळ उचललं, हातात फोडलं, आत ओल आहे का बघितलं. बोलले काहीच नाहीत.

आमच्या घरातला पहिला बागाईतदार मी त्यांनाच मानतो. दोन एकर ऊस आणि बांधाला शेवगा, सुरुवात 78व्या वर्षी.

वारणेकाठची

पाणंददादा, वाचून डोळे भरले.

आमच्याकडे कागद काहीच नाहीत, पण हेळवी आहे, घराण्याची वंशावळ सांभाळणारा. दर दोन-तीन वर्षांनी बैल घेऊन येतो आणि ओट्यावर बसून पिढ्या म्हणतो. त्याच्या वहीप्रमाणे आमचा मूळपुरुष 1876-77च्या मोठ्या दुष्काळात माणदेशातून दोन बैल घेऊन निघाला, वाटेत एक मेला, आणि जिथे दुसरा बसला तिथे आम्ही राहिलो. घरात येणारी प्रत्येक नवी सून त्याच्या वहीत लिहिली जाते. गेल्या खेपेला मी माझ्या मुलींचीही नावं लिहायला लावली. त्यानं लिहिली.

मोडीवाचक

शोधणाऱ्यांसाठी थोडं. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार आणि कडईपत्रकं, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदी मिळतात, अर्ज करून नक्कल घेता येते. कित्येक कचेऱ्यांचे जुने कागद आता ऑनलाइनही पाहता येतात. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूरला आपल्या घराण्याचे तीर्थोपाध्याय शोधा. पूर्वज तिथे गेला असेल तर त्याच्या हातची नोंद सापडू शकते.

कऱ्हाकाठताई, त्या पाच कागदांचे फोटो पाठवा, वाचून देतो.

कऱ्हाकाठ

मोडीवाचकदादांनी दोन दिवसांत पाचही कागद वाचून दिले. दोन कागद बी-बियाणं आणि पेंडीच्या उधारीचे आहेत. उरलेले तीन म्हणजे खंड पावल्याच्या पावत्या. जमीनमालकाला सही येत नसावी. खाली "निशाणी नांगर" लिहिलंय आणि शेजारी शाईनं काढलेला छोटासा नांगर आहे, रुमणं, म्हणजे धरायची मूठ, थोडं वाकडं आलेलं. तिन्ही पावत्यांवर तेच वाकडं रुमणं, म्हणजे माणूस तोच.

पाणंददादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. "माळाचं सोनं केलं" हे मी लहानपणापासून म्हणत आले, आणि तो माळ कुणाचा होता हे एकदाही विचारलं नाही. आईला पावतीवरचं नाव वाचून दाखवलं तर ती लगेच म्हणाली, "अगं, ते घर आहे अजून, शेजारच्याच गावात."

पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवल्यात. रविवारी आई आणि मी तिकडे जाणार आहोत.