अनगोळ अण्णा, पावसाचं सोडा, विहिरीचं बोला

शहापूर पेठ
काल अनगोळ अण्णांनी लिहिलं होतं: "बेळगावात धो धो पाऊस पडतो, राकसकोपचा तलाव आहे, हिडकलचं धरण आहे. तरी म्हणे शहरानं विहिरी-बोअरची पातळी मोजायचा कार्यक्रम घ्यावा. आज माप, उद्या मीटर, परवा पट्टी. ज्याची जागा त्याचं पाणी." खाली भराभर अंगठे पडले. मला रात्रभर झोप नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या घरामागं चिऱ्यांनी बांधलेली विहीर आहे, आजोबांच्या वेळची. आत उतरायला भिंतीतून दगड पुढं काढलेत. आईला फूट-मीटर कळत नव्हतं, तिचं माप त्या दगडांचं. चौथा दगड उघडा पडला की शिमगा आला. सातवा पडला की वळवाची वाट बघायची. गेली काही वर्षं सातवा दगड शिमग्याआधीच कोरडा असतो, आणि घरात नळ आल्यामुळं आईखेरीज कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. ती गेल्यावर हे कोण बघणार?

पाऊस पडतो, खरं आहे. साधारण १३०० मिलिमीटर. पण तो जमिनीत किती जातो? अंगणात काँक्रीट, गल्लीत पेव्हर, गटारंही बांधीव. पाणी सरळ बळ्ळारी नाल्यात, आणि तिथून वडगाव-शहापूरच्या भातात घुसतं. म्हणजे पावसाळ्यात शेतकरी बुडतो आणि उन्हाळ्यात विहीर आटते, एकाच पाण्यापायी.

वरती आपला जांभा. तो पाणी पटकन पितो आणि पटकन सोडतो. त्याखाली चिकण थर, त्याखाली काळा कातळ. कातळात पाणी फक्त फटींत असतं. तीच फट शेजाऱ्याच्या जागेखालूनही जाते, तिला कंपाउंड कळत नाही.

केंद्रीय भूजल मंडळ ठरलेल्या विहिरी वर्षातून चारदा मोजतं. त्यातून जिल्ह्याचा अंदाज येतो, आमच्या गल्लीचा येत नाही. माझं मागणं एवढंच: प्रत्येक वॉर्डात दोन-तीन सार्वजनिक विहिरी आणि पंप न बसवलेली एक बोअर महिन्यातून एकदा मोजा. सकाळी, उपसा सुरू व्हायच्या आधी, काठावरच्या त्याच खुणेपासून. आकडा तिथंच फळीवर लिहा. यात मीटर कुठं आला?

अनगोळ अण्णा
फळीवर आकडा लिहिल्यानं पाणी वाढतं का? १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून चालत आलंय, आपल्या जागेखालचं पाणी काढायचा हक्क मालकाचा. मी ३८० फूट बोअर मारला तेव्हा पैसे माझे गेले. नळजोडणीसाठी सात महिने खेटे घातले, चप्पल झिजली, तेव्हा कुणी विचारलं नाही "अण्णा, काय पिता?" म्हणून. आता पाणी लागल्यावर मोजायला येणार. नाही म्हणजे नाही.

कॉलेज रोड
अण्णांशी मी सहमत, कारण मात्र वेगळं आहे. बेळगावात दहा वॉर्डांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग २००८ मध्येच झाला. तो नीट सगळ्या शहरात न्या, विहिरींची गरजच उरणार नाही. दोन-दोन व्यवस्थांवर पैसे कशाला?

शहापूर पेठ
हिडकलचं पाणी पंपानं उचलून आणावं लागतं. वीज गेली, पाइप फुटला, की आपण टँकरच्या मागं. २०२३ च्या जूनमध्ये पाऊस लांबला तेव्हा राकसकोपचा तळ दिसायला लागला होता, आठवतंय? पंच्याण्णवच्या टंचाईत शहराला कुणी तारलं? गाळ काढलेल्या जुन्या विहिरींनी. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदली. गांधीजी अध्यक्ष होते त्या एकाच अधिवेशनाला आलेले लोक त्या पाण्यावर राहिले. शंभर वर्षांची विहीर आपण दर उन्हाळ्यात विसरतो.

अण्णा, चपलेचं मला पटलं. मी स्वतः तसे खेटे घातलेत. पण तो राग विहिरीवर काढू नका.

हुतात्मा चौक
फळी लागली तर कुठल्या भाषेत लागणार ते आधी सांगा. आमच्या आजीला घरपट्टीची नोटीस वाचून दाखवायला दर वेळी शेजारचा पोरगा लागतो. पाण्याचा आकडा मराठीत दिला तरच हा कार्यक्रम आमचा.

शहापूर पेठ
मराठी आणि कन्नड, दोन्हीत. त्यावर माझं दुमत नाही. पण पाण्याच्या धाग्यात सीमाप्रश्न नको, त्याला वेगळा धागा काढा.

हुतात्मा चौक
वेगळा कसा? ज्याला वाचता येत नाही तो पाणी कसं राखणार? असो, दोन्हीत म्हणालात, मी थांबतो.

बोअरवाला दादा
मी १९ वर्षं गाडी चालवूलोय, ४-५ तालुक्यांत बोअर मारलेत. खरं सांगू काय? मोजायचं राहू द्या, आधी लोकांनी पाणाडी आणणं बंद करावं. तळहातावर नारळ उभा राहिला की तिथं मारा म्हणतात. आम्ही गप मारतो, आम्हाला फुटाचे पैसे. आधी तांबडी माती येते, मग पिवळट चिकण, मग करडी पूड उडायला लागते. पूड ओली झाली तर नशीब. कित्येकदा ४०० फुटांपर्यंत कोरडीच पूड. मालक बघत उभा असतो, तोंडावर सगळी पूड बसलेली, डोळे तेवढे दिसतात. बघवत नाही ओ.

खडे बाजार
पाणाड्यांना नावं ठेवू नका. माझे मामा खानापूर भागात हेच करायचे, एक पैसा घेत नव्हते. त्यांनी दाखवलेल्या विहिरी आजही आटलेल्या नाहीत. तुमच्या मशीनवाल्यांनी दाखवलेल्या जागा कोरड्या जात नाहीत का?

येळ्ळूरची
पैसे घेत नसतील तुमचे मामा. आमच्याकडं आलेल्यानं घेतले. बाबांनी आईच्या पाटल्या मोडून तीन बोअर मारले, तिन्ही त्यानं दाखवलेल्या जागी. एकात दोन महिने पाणी आलं, बाकी दोन कोरडे. बासमती तशीच वाळली. बाबा त्यानंतर शेतात गेले की त्या दोन तोंडांवर दगड ठेवलेत का तेवढं बघून यायचे, पोरंबाळं पडतील म्हणून. नारळाचं नाव काढलं की मला अजून आईचे मोकळे हात दिसतात.

खडे बाजार
ताई, वाईट झालं. पण एका भामट्यामुळं सगळ्या विद्येला भामटेगिरी म्हणणार? मामांना झाडं वाचता यायची. उंबर कुठं आहे, वारुळं कुठं आहेत, ओढ्याचा उतार कुठला, ते बघून सांगायचे.

बोअरवाला दादा
मग ते ज्ञान झालं की, नारळ कशाला मधी? उंबर बघून सांगणारा माणूस मला चालतो. नारळवाला नको.

खडे बाजार
नारळ हा रिवाज आहे. तुम्ही गाडीला लिंबू-मिरची बांधत नाही का?

बोअरवाला दादा
बांधतो. पण लिंबाला विचारून गाडी वळवत नाही! कुणाच्या मामांचा अपमान करायला मी आलो नाही, तुम्हीच अंगावर येऊलाय.

कॉलेज रोड
दादा, मशीन म्हणजे जमिनीत वीज सोडून रोध मोजतात तेच ना? आमच्या सोसायटीनं ते केलं. "दाट शक्यता" असा कागद मिळाला, २६० फुटांवर बोअर कोरडा. म्हणजे दोन्ही सारखेच.

शहापूर पेठ
सारखे नाहीत. मशीन चुकलं तर कुठं चुकलं ते नोंदीत राहतं, पुढचा माणूस तिथं पैसे घालत नाही. नारळ चुकला तर कुलदैवत कोपलं म्हणतात, आणि शेजारी पुन्हा तिथंच मारतो. बाराव्या प्रतिसादातही नारळच चाललाय, म्हणून विनंती करतो. येळ्ळूरच्या ताईंचे दोन कोरडे बोअर आणि सोसायटीचा एक कुठल्याच नकाशावर नाहीत. दादांनी १९ वर्षांत पाहिलेली पूड कुठल्याच वहीत नाही. २०११ चा राज्याचा भूजल कायदा आहे, पण नोंदणीची सक्ती अधिसूचित भागांपुरती. बंगळूरनं २००९ मध्ये छपराचं पाणी साठवण्याची सक्ती केली, तरी २०२४ च्या उन्हाळ्यात तिथले सुमारे १४ हजारांपैकी जवळपास ७ हजार सरकारी बोअर कोरडे होते. तिथपर्यंत जायचं का आपण?

बोअरवाला दादा
वही आहे माझ्याकडं. २००८ पासूनची. किती फुटांवर कातळ, किती इंच पाणी, सगळं. कुणी मागितलीच नाही कधी. गिऱ्हाइकाचं नाव काढून देईन.

येळ्ळूरची
पातळीबरोबर पाणी कसं आहे तेही बघा. माझं सासर जुन्या शहरात. आमच्या आडाला काठोकाठ पाणी, पण शेजारून गटार पाझरतं. तपासलं तर नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा, जास्त. भरलेली विहीर बघून सगळे खूश, आणि लहान बाळाला तेच पाणी पाजत होते.

शहापूर पेठ
हे माझ्या लिहिण्यात नव्हतं, यायला हवं होतं. गाळलेलं छपराचं पाणीच विहिरीत सोडायचं, गल्लीचं नाही. १००० चौरस फुटांच्या स्लॅबवर आपल्या पावसात १ लाख २० हजार लिटर पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला धरला तरी ९६ हजार लिटर उरतं. पन्हळ, वाळू-खडीची टाकी आणि पाइप, एवढंच लागतं. मी गेल्या वर्षी केलं. सातवा दगड या वेळी शिमग्यानंतर तीन आठवडे पाण्यात होता. एका विहिरीवरून काही सिद्ध होत नाही, हे कुणी सांगायच्या आधी मीच सांगतो. म्हणून तर सगळ्या मोजा म्हणतोय.

अनगोळ अण्णा
दोन दिवस गप्प होतो. आज पहाटे पंप लावायच्या आधी दोर सोडला. बोअरमध्ये नाही, आमच्या जुन्या आडात. वडिलांचा बादलीचा दोर अजून खुंटीला आहे, १८ फुटी. ते असताना भर उन्हाळ्यातही तो पुरायचा. आज पोचला नाही. सुतळी जोडावी लागली. काठापासून २७ फूट.

माझा ३८० चा बोअर आडापासून वीस पावलांवर आहे. त्याचा याच्याशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. आकडा घ्या. मीटरला माझा विरोध कायम.

शहापूर पेठ
घेतला, अण्णा. काठाच्या कुठल्या दगडावरून दोर सोडलात तिथं खडूनं नको, छिन्नीनं खूण करा. पुढच्या महिन्यात तिथूनच मोजायचं.