पैसे भरून ताऱ्याला आई-बाबांचे नाव देता येते का?

प्रश्न: गोरेगावकर

नमस्कार. येत्या जानेवारीत माझ्या आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षे पूर्ण होत आहेत. दादरच्या घरी छोटासा कार्यक्रम ठरला आहे आणि भेट काय द्यावी, यावर आम्हा भावंडांत महिनाभर खल चालू आहे. धाकट्या बहिणीला इंटरनेटवर एक जाहिरात दिसली. अडीच हजार रुपये भरले की आकाशातील एका ताऱ्याला आपण सांगू ते नाव दिले जाते, त्याची 'अधिकृत नोंदणी' होते आणि चौकटीतले प्रमाणपत्र व ताऱ्याचे स्थान दाखवणारा नकाशा घरपोच येतो, असे तिच्यात म्हटले आहे.

कल्पना मला मनापासून आवडली, कारण बाबांचे बालपण कणकवलीजवळच्या गावात गेले. उन्हाळ्यात रात्री खळ्यात झोपताना आजोबांनी त्यांना नक्षत्रे ओळखायला शिकवले आणि पुढे सुटीत गावी गेल्यावर बाबांनी ती आम्हाला दाखवली. शंका येते तीही याच कारणाने. प्रमाणपत्र हातात पडताच बाबा विचारतील, "कुठे आहे तो? दाखव बघू." दिलेले नाव खगोलशास्त्रज्ञ खरोखर वापरतात का आणि तो तारा मुंबईतून दिसेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: नभांगण

नमस्कार. गेली काही वर्षे मी आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत मदत करतो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे आणि दुसऱ्याचेही बहुधा तेच.

ताऱ्यांची नावे निश्चित करण्याचे काम १९१९ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ करतो. पैसे घेऊन नाव देण्याची कोणतीही पद्धत या संघाकडे नाही आणि तशी विक्री करणाऱ्यांशी आपला संबंध नसल्याचे संघाने जाहीरपणे सांगितलेले आहे. जाहिरातीतली 'अधिकृत नोंदणी' म्हणजे विक्रेत्याच्या स्वतःच्या वहीतली नोंद. उद्या दुसऱ्या विक्रेत्याने तोच तारा दुसऱ्या कुटुंबाच्या नावावर लिहिला, तरी त्याला अडवणारे कोणी नाही.

खरे नामकरण कसे होते, याचे एक उदाहरण आपल्या देशातलेच आहे. संघाच्या शतकपूर्तीनिमित्त २०१९ साली सहभागी देशांना प्रत्येकी एक तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा एक ग्रह यांना नाव सुचवण्याची संधी मिळाली. भारताच्या वाट्याला एचडी ८६०८१ हा तारा आला. देशभरातून सूचना मागवून त्याला 'बिभा' आणि त्याच्या ग्रहाला 'संतमस' हे नाव देण्यात आले. बिभा चौधरी या वैश्विक किरणांवर संशोधन करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ आणि १९४९ साली त्या मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या होत्या. आपली रेवती आणि भरणी ही नावेही संघाच्या अधिकृत यादीत आहेत. या यादीत नाव यायला असे काहीतरी कारण लागते, पैसे भरून ते येत नाही.

आता दिसण्याविषयी. अगदी काळोख्या जागीही नुसत्या डोळ्यांना काही हजारच तारे दिसतात आणि मुंबईच्या उजेडात त्यांतले मोजकेच उरतात. विक्रीला असतात ते बहुधा अतिशय मंद तारे. बाबांनी "दाखव" म्हटल्यावर आपली पंचाईत होईल.

उत्तर: भांडुपची वाचक

माझा अनुभव थोडा वेगळ्या प्रसंगाचा आहे, तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते. आई गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मी तिच्या नावाने असाच तारा घेतला होता. प्रमाणपत्र आले त्या दिवशी मी खूप रडले आणि ते तिच्या फोटोशेजारी लावले. हिवाळ्यातल्या अमावास्येच्या सुमारास भाऊ आणि मी वांगणीला रात्रभराच्या आकाशदर्शनाला गेलो, तेव्हा ते सोबत नेले होते.

तिथल्या एका स्वयंसेवकाने लाल कागद लावलेल्या विजेरीच्या उजेडात प्रमाणपत्रावरचे विषुवांश आणि क्रांतीचे, म्हणजे ताऱ्याची आकाशातली जागा सांगणारे, आकडे वाचले आणि अर्धा तास खपून दुर्बीण त्या जागी नेली. तारा अकराव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारच नाही इतका मंद, निघाला. नेत्रिकेत (दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगात) रांगोळी सांडावी तसे बारीक ठिपके दिसत होते आणि त्यांतला नेमका कोणता, हे त्यालाही खात्रीने सांगता येईना. भावाने डोळा लावून दोनदा "हा का?" म्हणून विचारले आणि मग तो गप्पच झाला.

तो मुलगा फार समंजस होता. त्याने आईचे जन्मनक्षत्र विचारले. रोहिणी, असे सांगितल्यावर त्याने दुर्बीण सोडून दिली आणि मृगाच्या वर तांबूस चमकणारी रोहिणी नुसत्या बोटाने दाखवली. ती आम्हाला आता भांडुपच्या गच्चीवरूनही सापडते. विक्रेत्याने फसवले असे मी म्हणणार नाही, कारण वाचायचे ते मीच नीट वाचले नव्हते. पण 'अधिकृत' हा शब्द त्यांनी वापरायला नको होता, असे मला आजही वाटते. दुःखात असलेला माणूस त्याच शब्दावर विसंबतो.

उत्तर: नभांगण

भांडुपच्या ताईंचे लिहिणे वाचून एक सुचले. गोरेगावकर, नवे नाव देण्यापेक्षा आई-बाबांच्या लग्नाच्या वयाचा तारा शोधा.

पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांपैकी कॅस्टर आपल्यापासून सुमारे ५१ प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे येत्या जानेवारीत त्याचा जो प्रकाश आई-बाबांच्या डोळ्यांत शिरेल, तो साधारण त्यांच्या लग्नाच्या सुमारास तिथून निघालेला असेल. शिवाय डोळ्यांना एकच दिसणारा हा तारा प्रत्यक्षात सहा ताऱ्यांचा, म्हणजे तीन जोड्यांचा समूह आहे. साध्या लहान दुर्बिणीतूनही त्याचे दोन ठिपके वेगळे दिसतात. (रौप्यमहोत्सव असता, तर २५ प्रकाशवर्षांवरचा अभिजित सुचवला असता.)

जानेवारीच्या मध्यावर रात्री आठच्या सुमारास गच्चीवर जा. मृगातल्या राजन्य (रायजेल) या निळसर ताऱ्यापासून काक्षी (बेटेलज्यूज) या तांबूस ताऱ्याकडे काढलेली रेषा तशीच पुढे वाढवली की पूर्व-ईशान्येला दोन ठळक तारे दिसतात. त्यांतला वरचा, किंचित फिका, तो कॅस्टर. दादरच्या उजेडातही तो लपत नाही. कार्यक्रम लांबला तर मध्यरात्रीनंतर ईशान्येला सप्तर्षी वर आलेले असतील. त्यातल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती लग्नात दाखवण्याची प्रथा आई-बाबांना ठाऊक असेलच, पण मुंबईत ती पाहायला द्विनेत्री (बायनॉक्युलर) लागेल.

गोरेगावकर

आपले आणि ताईंचे मनापासून आभार. पैसे भरायचे नाहीत, हे ठरले. बहिणीने जाड कागदावर मृग आणि पुनर्वसूचा नकाशा हाताने काढायला घेतला आहे आणि खाली कॅस्टरचे अंतर व लग्नाची तारीख लिहिणार आहे. आईला गुडघ्यांमुळे शेवटचा जिना चढवत नाही, म्हणून तिच्यासाठी खुर्ची आधीच वर नेऊन ठेवू. गच्चीची किल्ली आणि टाकीजवळचा मोठा दिवा तासभर बंद ठेवण्याची परवानगी सोसायटीच्या सचिवांकडे मागितली आहे. बाबांना यातले काहीच सांगितलेले नाही. काल सहज विचारले, तर पुनर्वसू कुठे उगवतो, हे त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून बरोबर दाखवले.